लष्कराचें पोट

इ. स. १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजीची फौज अकस्मात् देवगिरीच्या पायथ्याशीं येऊन उभी राहिली, तेव्हां रामदेवराव यादवाला तयारीस सवड अशी मिळालीच नाहीं. त्याचें मुख्य सैन्य मुलाबरोबर बाहेर गेलेलें होतें. फिरिश्त्यानें या प्रसंगाची जी हकीकत दिली आहे, तींत एक लहानशी गोष्ट आहे. कोंकणांतून आलेले कांहीं व्यापारी आपल्या गोणी शहराजवळ टाकून पळून गेले होते. त्यांत धान्य आहे असें समजून राजाच्या माणसांनीं त्या घाईघाईनें किल्ल्यावर नेल्या. वेढा पडल्यावर गोणी उघडून पाहतात, तों आंत मीठ! देवगिरीसारखा बळकट किल्ला हातीं असूनहि रामदेवरावाला शत्रूच्या अटी मान्य कराव्या लागल्या. फिरिश्ता हा फार मागाहूनचा इतिहासकार. त्याच्या हकीकतींत पदरची भर कांहीं असेलहि. पण तिच्यांतील मर्म खोटें नाहीं. किल्ल्याचा दगड कितीहि कठीण असला, तरी आंतल्या माणसाला भूक लागतेच.

युद्धांचा इतिहास बहुधा तलवारीच्या बाजूनें सांगितला जातो. सेनापति कोण होता, हत्ती किती होते, कोणाचा मोड झाला, हें आपल्याला पाठ असतें. परंतु तेंच लष्कर आदल्या दिवशीं काय जेवलें, घोड्यांना चंदी कोठून मिळाली आणि शिपायाचा पगार किती महिने थकला होता, हें कोणी विचारीत नाहीं. मध्ययुगांतील पुष्कळ लढायांचा निकाल मात्र या तीन प्रश्नांनींच लावलेला आहे. मराठवाड्याचा इतिहास याला उत्तम साक्ष देतो.

नांदेडच्या आग्नेयेस बिलोली हें तालुक्याचें गांव आहे. उत्तरेस गोदावरी आणि पूर्वेस मांजरा अशा दोन नद्यांच्या बेचक्यांतला हा मुलूख. पलीकडे कंदकुर्ती येथें मांजरा गोदावरीस मिळते आणि मराठी बोली तेलुगूंत मिसळूं लागते. गांवांत सरफराजखानाच्या नांवानें ओळखली जाणारी मोगल अमदानींतली दगडी मशीद आहे. लढायांच्या यादींत बिलोलीचें नांव शोधीत बसण्यांत अर्थ नाहीं. परंतु पश्चिमेस कंधार, नैर्ऋत्येस उदगीर, त्यापुढें औसा, आणखी वर धारूर आणि परांडा अशी किल्ल्यांची जी मालिका आहे, तिच्या पूर्वेच्या टोकाला हा मुलूख येतो. १६३६ मध्यें शहाजहानानें आपल्या ताब्यांतील दक्षिणेचे चार सुभे केले आणि त्यांवर तरुण औरंगजेबाची नेमणूक केली. त्या चारांपैकीं एका सुभ्याचें नांव तेलंगण होतें. त्याचें ठाणें नांदेड व किल्ला कंधार. चारहि सुभ्यांत मिळून चौसष्ट किल्ले होते आणि त्यांतले त्रेपन्न डोंगरी होते, असें बादशाही इतिहासांत नमूद आहे. किल्ल्यांची ही मोजदाद वाचली म्हणजे दरारा वाटतो. पण चौसष्ट किल्ले याचा दुसरा अर्थ असा, कीं चौसष्ट कोठारें भरलेलीं ठेवावयाचीं, आणि तीं भरणारे हात बिलोलीसारख्या तालुक्यांतल्या काळ्या रानांतले.

लष्कराचें पोट केवढें असतें याचा एक ढोबळ हिशेब करून पाहण्यासारखा आहे. दहा हजार स्वारांची फौज ही त्या काळीं फार मोठी नव्हे. एका घोड्याला दिवसाची चंदी चार शेर धरली, तरी दहा हजार घोड्यांना चाळीस हजार शेर, म्हणजे एक हजार मण दाणा रोज लागेल. वीस मणांची खंडी धरली तर हे पन्नास खंडी झाले. एका बैलावर तीन मण लादले, तर नुसत्या एका दिवसाच्या चंदीला सव्वातीनशेंवर बैल पाहिजेत. यांत माणसांचें धान्य आलें नाहीं, हत्ती, उंट आणि तोफा ओढणारे बैल आले नाहींत, आणि मुख्य म्हणजे वैरण आली नाहीं. दाणा गोणींत भरून नेतां येतो. कडबा आणि गवत यांना जागा फार लागते व वजनाच्या मानानें त्यांत सत्त्व थोडें. तें जिथल्या तिथें मिळवावें लागे. म्हणून छावणी पडली, कीं दररोज सकाळीं कही बाहेर पडे. म्हणजे गवत, कडबा आणि लांकूडफांटा आणणारी टोळी, व तिच्या रक्षणाला स्वार. पहिल्या दिवशीं कही अर्ध्या कोसावरून परत येई, आठव्या दिवशीं तिला चार कोस जावें लागे. जितकें लांब जावें तितका धोका अधिक. मोठें लष्कर एका जागीं फार दिवस राहूं शकत नसे, याचें कारण हेंच.

१६३० ते १६३२ या काळांत दक्षिणेंत आणि गुजराथेंत भयंकर दुष्काळ पडला, आणि नेमक्या त्याच वर्षांत शहाजहानानें निजामशाहीवर स्वारी चालविली होती. १६३१ च्या आरंभीं आजमखानानें धारूर घेतलें व तो परांड्यास वेढा घालून बसला. परांडा कांहीं पडला नाहीं. किल्ल्याच्या आसपास दूरवर घोड्यांना गवताची काडी मिळेना, म्हणून खानाला वेढा उठवून धारुराकडे परतावें लागलें. त्याच वर्षीं नसिरीखानानें मात्र कंधार घेतलें. तेथें वेढा महिनोन्महिने चालला, तटाखालीं सुरुंग उडाले, आणि शेवटीं किल्लेदारानें किल्ला स्वाधीन केला. कंधारजवळ राष्ट्रकूटांच्या काळापासून प्रसिद्ध असलेला जगत्तुंग समुद्र नांवाचा तलाव आहे, किल्ल्याभोंवतीं खंदक आहे. पाण्याची तरतूद जुन्या राजांनीं अशी पिढ्यान्‌पिढ्यांसाठीं करून ठेवली होती. धान्याची तरतूद मात्र दर सालीं नव्यानें करावी लागे. पुढें १६३४ मध्यें शहाजादा शुजा आणि महाबतखान परांड्यावर चालून गेले; त्यांच्या कहीवर विजापूरच्या स्वारांनीं असे छापे घातले कीं त्यांनाहि हात हालवीत परतावें लागलें. उदगीर आणि औसा हे किल्ले १६३६ मध्यें खानदौरानच्या हातीं आले, पण तेव्हां विजापूरशीं तह झालेला होता व वेढा घालणाऱ्यांच्या पाठीमागची वाट मोकळी होती.

त्या दुष्काळांतली एक गोष्ट मनाला चटका लावणारी आहे. शहाजहानाची छावणी बऱ्हाणपुरास होती. पीटर मंडी नांवाचा इंग्रज व्यापारी १६३० मध्यें सुरतेहून आग्र्यास निघाला. वाटेंत त्यानें ओसाड पडलेलीं गांवें आणि रस्त्याच्या कडेला पडलेलीं प्रेतें पाहिलीं. बऱ्हाणपुरांत मात्र बाजारांत माल येत होता. कारण तेथें बादशहा होता आणि त्याचें लष्कर होतें. बादशहानें गरिबांसाठीं बऱ्हाणपुरांत लंगरखाने उघडले, दर सोमवारीं पांच हजार रुपये वांटविले, शेतसाऱ्यांत सूट दिली. हें सारें खरें आहे. पण माळव्याचें धान्य लष्कराकडे वळलें होतें, हेंहि तितकेंच खरें. लष्कराला भूक लागली म्हणजे ती गांवांच्या वांट्याचें खाते. युरोपांतहि तीच कथा होती. त्याच सुमारास जर्मनींत तीस वर्षांचें युद्ध चालू होतें आणि वालेन्स्टाइन हा सेनापति ज्या मुलखांत छावणी करी, त्याच मुलखाकडून वर्गणी वसूल करून फौज पोशीत असे. त्या युद्धांत लढाईपेक्षां उपासमार आणि रोगराई यांनींच अधिक माणसें मेलीं.

मग ही रसद वाहून आणीत असे कोण? सरकारचें असें स्वतंत्र रसदखातें दक्षिणेंतील फौजांत फारसें नव्हतें. तें काम वंजाऱ्यांचें होतें. याच मंडीला १६३२ मध्यें उत्तर हिंदुस्थानांत चौदा हजार बैलांचा एक तांडा भेटला; सगळे बैल गहूं, तांदूळ अशा धान्यानें लादलेले. बायकामुलें तांड्याबरोबर, संसार बैलांच्या पाठीवर, आणि मजल दिवसाला तीन कोसांहून अधिक नव्हे. बैल वाटेवर चरत चरत जाई, म्हणून त्याच्या पोटाचा खर्च जवळ जवळ नसेच. धान्य शेंकडों कोस नेऊनहि परवडे, याचें रहस्य तें. ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्यानें वंजाऱ्यांचे चार वर्ग सांगितले आहेत: एक गव्हाचा व्यापार करणारा, दुसरा तांदुळाचा, तिसरा डाळीचा आणि चौथा मिठाचा. देवगिरीच्या किल्ल्यावर चुकून चढलेल्या त्या मिठाच्या गोणींची येथें सहज आठवण होते.

वऱ्हाडांतील वंजाऱ्यांत भंगी आणि झंगी या दोन नाईकांची कथा चालत आलेली आहे. शहाजहानाच्या वजिरानें दक्षिणेवर स्वारी केली तेव्हां यांचे एक लक्ष ऐशीं हजार बैल लष्कराबरोबर होते, आणि वाटेंत पाणी, गवत घेण्याची मोकळीक देणारा सोनेरी अक्षरांचा ताम्रपट त्यांना मिळाला, अशी ती कथा आहे. बैलांचा आंकडा कोणी मोजून ठेवलेला नाहीं. पण ज्या जमातीच्या स्मरणांत बादशहाचे घोडे आणि आपले बैल शेजारीं शेजारीं उभे आहेत, तिला आपलें महत्त्व पुरतें ठाऊक होतें, एवढें खास. वंजारी हा कोणाचा चाकर नव्हता. तो व्यापारी होता. भाव चांगला, वाट निर्धोक आणि पैसा रोख, असें असेल तेथें तो येई. आणि दोन्ही बाजूंच्या फौजांना त्याची गरज असल्यामुळें शहाणे सरदार त्याला सहसा त्रास देत नसत. वाट बंद झाली किंवा बाजारांत पैसा दिसेना, कीं तांडा दुसरीकडे वळे. मग छावणींतला दाणा महागे, आणि दाणा महागला कीं लष्कर विरघळूं लागे.

पैशाची बाजू अशी आहे. मोगलांचा मनसबदार हा ठराविक स्वार बाळगण्याच्या अटीवर जहागीर खाई. मराठ्यांत सरंजामाची पद्धत पुढें रूढ झाली. तिचाहि आशय तोच, कीं मुलखाचा वसूल खावा आणि बोलावणें आलें म्हणजे पथक घेऊन हजर व्हावें. स्वारांत बारगीर आणि शिलेदार असे दोन भेद होते. बारगिराचा घोडा सरकारचा; शिलेदाराचा स्वतःचा. शिलेदाराचें सारें भांडवल त्याच्या घोड्यांत अडकलेलें असे. घोडा मेला तर त्याचें जणूं दिवाळेंच वाजलें. तेव्हां घोडा उपाशी मारण्यापेक्षां छावणी सोडून जाणें त्याला शहाणपणाचें वाटलें, तर त्यांत नवल नाहीं. जहागिरीचा वसूल हंगामावर हातीं येणार आणि फौजेचा खर्च मात्र रोजचा; हें अंतर सावकार भरून काढी. पहिल्या बाजीरावासारखा विजयी पेशवा ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेल्या पत्रांतून कर्जाच्या ओझ्यानें कळवळतो, हें पाहिलें म्हणजे स्वारीमागें सावकाराची वही कशी चालत असे तें कळतें.

ज्याला रसदीचें हें गणित समजलें, त्यानें थोड्या फौजेनें मोठ्या फौजा हैराण केल्या. मलिक अंबरानें मराठी स्वारांच्या जोरावर मोगलांच्या रसदी तोडल्या, आणि १६२४ मध्यें भातवडीच्या लढाईपूर्वीं तलावाचा बांध फोडून शत्रूची वाट चिखलांत बुडविली. १७२८ मध्यें बाजीरावानें निजामाला त्याच्या जड तोफांपासून दूर ओढीत नेलें आणि वैजापुराजवळ पालखेड येथें अशा जागीं कोंडलें, कीं तेथें त्याला पाणीहि मिळेना. मोठी लढाई झाल्याशिवायच निजाम शरण आला व मार्चमध्यें मुंगी-शेवगांवचा तह झाला.

त्यानंतर बत्तीस वर्षांनीं हाच डाव उदगिराच्या परिसरांत खेळला गेला. सलाबतजंग आणि निजामअली यांची फौज धारुराकडे जाऊन तेथील कुमकेस मिळूं पाहत होती. सदाशिवरावभाऊनें तिला चहूंकडून वेढलें. चालत्या फौजेच्या भोंवतीं मराठी स्वार फिरत राहिले, दाणावैरण तुटली, आणि ३ फेब्रुवारी १७६० रोजीं तिची एक फळी फुटली. तहांत साठ लक्षांचा मुलूख आणि त्याबरोबर दौलताबाद, अहमदनगर, विजापूर, असीरगड यांसारखीं ठाणीं मराठ्यांना मिळालीं. उदगीरचा विजय हा तलवारीचा तर होताच, पण त्याआधीं तो भुकेचा होता.

पुढच्या वर्षाची कथा सर्वांना माहीत आहे. पण ती उदगीरच्या शेजारीं ठेवून वाचली पाहिजे. तोच भाऊ, तोच इब्राहिमखान गारदी आणि बरीचशी तीच फौज मार्च १७६० मध्यें परतुराहून उत्तरेस निघाली. या वेळीं तोफखाना जड होता, आणि बरोबर बायकामुलें, यात्रेकरू व बाजारबुणगे यांचा मोठा मेळा होता. पैसा वाटेंतच आटला. ऑगस्टमध्यें दिल्ली हातीं आली, तेव्हां खर्चासाठीं बादशाही दिवाणखान्याचें रुप्याचें छत उतरवून त्याचीं नाणीं पाडावीं लागलीं. ऑक्टोबरमध्यें कुंजपुरा घेतल्यावर धान्याचा साठा मिळाला. तो थोडे दिवस पुरला. तेवढ्यांत अब्दालीनें बागपताजवळ यमुना उतरून भाऊ आणि दिल्ली यांच्यामध्यें आपलें लष्कर उभें केलें. आतां वेढलेला भाऊ होता. दुआबांतून रसद पोंचविण्याची व अब्दालीची रसद तोडण्याची कामगिरी ज्याच्याकडे होती, तो गोविंदपंत बुंदेले डिसेंबरांत मारला गेला. कही बाहेर पडली कीं कापली जाई. अडीच महिन्यांनीं, १४ जानेवारी १७६१ रोजीं जें सैन्य रणांत उतरलें, तें उपाशी होतें. घोड्यांना धड उभें राहवत नव्हतें. बरोबर एक वर्षापूर्वीं मांजरेच्या खोऱ्यांत निजामाला ज्या रीतीनें नमविलें, त्याच रीतीनें पानिपतावर मराठे कोंडले गेले. भाऊला हें शास्त्र ठाऊक नव्हतें असें म्हणतां येत नाहीं. पण दक्षिणेंत घर जवळ होतें, मुलूख ओळखीचा होता, पाठीमागची वाट आपली होती. उत्तरेंत यांतलें कांहींच उरलें नव्हतें. शौर्य बरोबर नेतां येतें. मुलूख नेतां येत नाहीं.

आतां शेवटचा हिशेब राहिला, तो गांवाचा. पाटील-कुळकर्ण्यांच्या दप्तरांत सरकारी साऱ्याखेरीज ज्या पट्ट्या आढळतात, त्यांत घासदाणा नांवाची एक आहे. मराठी फौजा परमुलखांत, विशेषतः निजामाच्या राज्यांत, ही पट्टी घेत. ती द्यावी म्हणजे फौज शेतांत शिरणार नाहीं, असा तिचा अर्थ. करालाच नांव घास आणि दाणा! याशिवाय वेठबिगार होती. गाडी-बैल ओढून नेणें होतें. आणि उभें पीक घोड्यांपुढें टाकणें होतें. बिलोलीकडच्या शेतकऱ्याला निजामाचें लष्कर आणि पेशव्यांचें लष्कर यांतला फरक झेंड्यावरून कळत असेल; पण ज्वारीचें कणीस कोणाच्या घोड्यानें खाल्लें यावरून त्याच्या घरांतल्या उपासांत फरक पडत नव्हता.

हें ज्यानें सर्वांत अगोदर ओळखलें, तो राजा शिवाजी. चिपळुणाकडील छावणीच्या अंमलदारांना १६७३ च्या सुमारास त्यानें पाठविलेलें पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्याची बेगमी जपून खर्चा. दाणा-गवत आतांच उडवून टाकाल तर पुढें घोडीं मरतील. मग तुम्ही कुणब्याच्या घरांत शिराल, आणि रयतेला वाटेल कीं यापेक्षां मोगल बरा. अशा आशयाचें तें आहे. गवताच्या गंजीजवळ आगटी पेटवूं नये, उंदीर दिव्याची जळती वात ओढून नेईल, इतक्या बारकाव्यापर्यंत तें जातें. राज्य करणाऱ्यानें उंदराचा विचार केला, हें त्या पत्राचें मोठेपण आहे. दसऱ्यास मोहिमेवर निघावें आणि पावसाळ्यापूर्वीं छावणीस परतावें, हा मराठी फौजेचा जुना क्रमहि शेतीच्या चाकाशीं जुळता होता. पीक हातीं येई तेव्हां फौज निघे, पेरणीच्या वेळीं ती घरीं असे. लष्करांत पुष्कळसे शेतकरीच असल्यामुळें तें भागहि होतें.

१८०३ मध्यें असईची लढाई जिंकणाऱ्या आर्थर वेलस्लीलाहि धान्यासाठीं वंजाऱ्यांवरच विसंबावें लागलें; बैलांची काळजी हा त्याच्या पत्रव्यवहारांतला नेहमींचा विषय आहे. पुढें आगगाडी आली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार उठला. ज्यांच्यावांचून बादशहांचीं लष्करें हालत नव्हतीं, त्या वंजाऱ्यांपैकीं अनेक गटांवर इंग्रज सरकारनें १८७१ च्या कायद्याखालीं गुन्हेगार जमातीचा शिक्का मारला. नांदेड जिल्ह्यांत आजहि अनेक वस्त्यांच्या नांवापुढें तांडा हा शब्द लागतो. पूर्वीं तो चालत असे. आतां तो एका जागीं वसलेला आहे.

किल्ल्यांच्या तटांवर गवत उगवलें आहे. कंधार, उदगीर, औसा येथें लोक सहलीला जातात आणि बुरूज व तोफा पाहून परततात. त्या बुरुजांच्या आड धान्याचीं कोठारें होतीं. रिकामें कोठार पाहण्यांत कोणाला गोडी नसते. परंतु किल्ला किती दिवस टिकला याचें उत्तर तोफेपेक्षां त्या कोठारापाशींच सांपडतें, आणि तें कशानें भरलें याचें उत्तर गोदावरी-मांजरेच्या मधल्या काळ्या रानांत.